चार चौकटी आणि दोन चिंचोके

“मॅडम, आमची किडनी द्या वापस. सकाळपासून पीठ चाळाचं पडून राह्यलं.”

एक बाई प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून हे म्हणाली, तेव्हा आत शाळा तपासणीला आलेले साहेब बसले होते. त्यांच्या हातातला चहाचा कप अर्ध्यावर थांबला. मी टेबलावरची चाळणी उचलली, तिच्यावर चिकटवलेली ‘मूत्रपिंड – उजवे’ ही चिठ्ठी काढली आणि चाळणी बाईंच्या हातात दिली.

“डावी पन आमचीच हाय ना?”

“नाही हो, डावी तुमच्या शेजाऱ्यांची.”

बाई गेल्या. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, ‘शैक्षणिक साहित्य स्थानिक व अल्पखर्चिक. वेळेवर परत करण्याची व्यवस्था असावी.’ माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीतला हा मला मिळालेला सर्वांत खरा शेरा.

ही नोकरी मी कन्हानच्या एका शाळेत केली. विषय जीवशास्त्र. राहायला नागपुरात, महालात. रोज सकाळी बस, ती चुकली की कामठीपर्यंत एक शेअर ऑटो आणि तिथून पुढे दुसरा. आमच्या घरात चार पिढ्या कागदाशीच संबंध. मी जवळून पाहिलेला पहिला बैल तान्ह्या पोळ्यातला, म्हणजे लाकडी आणि चाकांवर चालणारा. आणि समोर बसलेली मुलं शेतकऱ्यांची, खाणीत जाणाऱ्यांची, मागावर बसणाऱ्यांची. त्यांना गाय कशी विते ते ठाऊक होतं, मला फक्त आकृती ठाऊक होती. पहिली दोन वर्षं मी ती आकृती फळ्यावर काढली, त्यांनी वहीत काढली आणि दोघांनाही वाटलं की शिकणं झालं.

बदल घडला तो त्या लाकडी बैलामुळेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी सजवलेले बैल शाळेत आणले होते. मी म्हटलं, यांचे पाय बघा आणि खऱ्या बैलाचे आठवा. मागच्या पायाला मागच्या बाजूला जो कोपरासारखा बाक दिसतो तो काय? सगळे म्हणाले, गुडघा. मी सांगितलं, ती टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ. मुलं घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील गुलाबराव थेट शिक्षक खोलीत आले.

“मॅडम, पोट्ट्याले काय शिकवून राहिल्या तुम्ही? बैलाले टाच?”

पुस्तक दाखवलं. त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, गोठ्यात चला. संध्याकाळी गेले. गुलाबरावांनी बैलाच्या पायावर हात ठेवला, मी त्यांना दुसरा हात त्यांच्याच पायावर ठेवायला सांगितलं. मांडी, मग गुडघ्याची वाटी, मग नडगी, मग टाच. दोन्ही हात एकाच वेळी खाली सरकत गेले. टाचेपाशी ते थांबले. मग खुरापर्यंत गेले.

“मंग हे खूर म्हणजे?”

“नखं.”

गुलाबरावांनी खुरावरची माती अंगठ्यानं पुसली. “म्हणजे हा बिचारा जन्मभर नखावर उभा हाय,” ते म्हणाले. “आन् आमी वरून नांगर ओढाले लावतो.”

त्या दिवसापासून मी आकृत्या कमी केल्या आणि मुलांच्या घरांकडे वळले. जातं गुळगुळीत झालं की दळत नाही, त्याला टाकी लावून खरखरीत करावं लागतं. दाढांचा वरचा भाग खडबडीत का, हे टाकी लावणारी बाई माझ्याहून चांगलं सांगायची, म्हणून तिलाच वर्गात बोलावलं. भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, दिवसांत मुली झाकलेला डबा हलवून आत खिरापत कोणती ते ओळखतात. आम्ही नाक धरून ओळखायचा प्रयत्न केला, तेव्हा वासाशिवाय चव किती अधू असते ते कळलं. मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं होतं. तालुक्याच्या शिक्षक मेळाव्यांत माझी चाळणी आणि माझं जातं प्रसिद्ध होतं.

पण सगळे धडे असे उतरत नव्हते. आनुवंशिकतेचा धडा मी कित्येक वर्षं पुस्तकाप्रमाणेच शिकवला. तो गणितासारखा स्वच्छ होता, चार चौकटींचा, आणि परीक्षेत हमखास यायचा. त्याला घरातली वस्तू जोडायची गरज मला वाटली नाही. ही गोष्ट त्याचीच आहे.

आमच्या भागात सिकलसेल हा आजार बराच आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, पोट असं दुखतं की मोठा माणूसही ओरडतो. हा लागणीचा आजार नाही. तो आईबापांकडून येतो. प्रत्येकाला या गुणाचे दोन भाग मिळतात, एक आईचा, एक बापाचा. एक भाग सदोष असेल तर माणूस वाहक, त्याला सहसा काही त्रास होत नाही आणि बहुतेकदा पत्ताही नसतो. दोन्ही सदोष असतील तर आजार. दोन वाहकांचं लग्न झालं की फळ्यावर चार चौकटी काढायच्या. एक चौकट निरोगी, दोन वाहक, एक आजारी. मी शेवटच्या चौकटीत खडूने रेघा मारून ती भरून टाकायची आणि म्हणायची, “चारातलं एक.”

संगीता नावाची मुलगी तेव्हा नववीत होती. पुढच्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं. तिनं चाचणीत तो तक्ता इतका नेटका काढला की मी तिची उत्तरपत्रिका वर्गात फिरवली. पाचपैकी पाच.

पुढे तिचं लग्न झालं, पारशिवनीकडच्या एका गावात. सात-आठ वर्षं मध्ये गेली. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर मी वह्या तपासत होते. दारात एक बाई उभी. खांद्यावर वर्षा-दीड वर्षाचं झोपलेलं मूल.

“मॅडम, ओळखलं का?”

अक्षरावरून लगेच ओळखलं असतं, चेहऱ्यावरून थोडा वेळ लागला. तिला बसवलं, पाणी दिलं. मुलाचं नाव ओम. थोरली मुलगी पूर्वा, ती आजीजवळ. नागपूरच्या दवाखान्यातून परत जाताना ती मुद्दाम उतरली होती.

“पूर्वाले सिकलसेल निघाला व्हता, मॅडम. तवा आमच्या दोघाइची पन तपासनी झाली. आमी दोघंई वाहक.” तिनं ओमच्या पाठीवर हात फिरवला. “आता याचा पन तसाच रिपोर्ट आला.”

मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागले. तिनं ऐकून घेतलं, आणि मग शांतपणे म्हणाली, “मले एक इचाराचं व्हतं. तुमी बोर्डावर चार खाने काढले व्हते. तीन चांगले, एक भरलेला. माह्या पक्कं ध्यानात व्हतं. पूर्वा झाली तवा मी घरी सगळ्याइले समजावून सांगितलं. म्हटलं, चारातलं एक होऊन गेलं, आता बाकीचे चांगले निघतीन. ओमच्या येळेस नर्सबाईनं म्हटलं, पोटात असतानाच तपासनी होते, नागपूरले जाऊन ये. मी म्हटलं, काहून? माह्यं एक होऊन गेलं ना.” तिनं वर पाहिलं. “मॅडम, माह्यं काय चुकलं?”

ती मला जाब विचारत नव्हती. ती खरंच विचारत होती, पुढच्या बाकावरून विचारायची तशी. आपण कुठलीतरी पायरी सोडली आणि बाई ती दाखवून देतील, असा तिचा भाव होता.

मी काय बोलले ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, “अगं, पुस्तकात तसंच दिलंय.”

“हौ ना,” ती म्हणाली. “पुस्तकात तसंच हाय.” आणि पारशिवनीची बस आहे म्हणून निघून गेली.

तिचं चुकलं काहीच नव्हतं. मी जे शिकवलं होतं तेच तिनं शब्दाला शब्द धरून लक्षात ठेवलं होतं. चार चौकटी म्हणजे चार मुलं नव्हेत. प्रत्येक मुलाच्या वेळी त्या चारही चौकटी पुन्हा नव्याने उघडतात, आधी काय झालं त्याचा पुढच्याशी संबंध नसतो. हे वाक्य मी कधी उच्चारलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं असतं हेही सुचलं नाही. आणि माझ्या हातून किती वर्षं, किती वर्गांना हा तक्ता गेला होता!

पुढचा रविवार मी घरात बसू शकले नाही. शाळेच्या जुन्या नोंदींतून तिच्या माहेरचा पत्ता काढला, तिथून सासरचं गाव कळलं, आणि बस बदलून तिथे पोचले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. घर शेताच्या कडेला. ओसरीवर संगीताची सासू नातवंडांना घेऊन चिंचोक्यांचा डाव मांडून बसली होती. खडूने आखलेली घरं, काचेचे तुकडे सोंगट्या म्हणून, आणि मधून फोडलेले चार चिंचोके. फोडलेला चिंचोका एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने काळसर. चारी पांढरे पडले की चंग, चारी काळे पडले की अष्टा.

संगीता आतून आली, गडबडली. “मॅडम, तुमी? इतल्या दूर?”

मी ओसरीवरच बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. “संगीता, तुझं काही चुकलं नाही,” एवढंच म्हणाले. “मी चुकीचं शिकवलं. पुस्तकावर ढकललं ते तर त्याहून वाईट केलं.”

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. सासूला काय चाललंय ते कळेना. तिनं आपला डाव सुरूच ठेवला. चिंचोके टाकले, अष्टा पडला. चुलतभावंडांपैकी एक मुलगी ओरडली, “आजी, दोनदा अष्टा पडला, आता नाई पडत!”

“काहून नाही पडत वं?” म्हातारी म्हणाली. “चिंचोक्याले काय याद राह्यते का?”

मग मी दोन चिंचोके मागून घेतले. एकेक करून संगीताच्या हातात दिले. “हा तुझा. हा तुझ्या नवऱ्याचा, गजाननरावांचा. पांढरा म्हणजे चांगला भाग, काळा म्हणजे सदोष. टाक.” तिनं टाकले. एक पांढरा, एक काळा. “हे मूल वाहक. पुन्हा टाक, दुसरं मूल.” दोन्ही काळे. तिचा हात थांबला. “आता तिसरं. टाक.” पुन्हा दोन्ही काळे.

ती एकामागून एक टाकत गेली. पंधरा-वीस वेळा. पांढरे-पांढरे, काळे-पांढरे, काळे-काळे, पुन्हा काळे-काळे. मग तिनं चिंचोके मुठीत धरले.

“म्हणजे मांगं काय पडलं ते याले ठाऊकच नाई.”

“नाही.”

“लेकरू नको व्हतं असं नाई, मॅडम. माहा ओम मले पायजेच व्हता. पन ठाऊक तर राह्यलं असतं.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “हे तवा काहून नाई खेळवलं वर्गात?”

तिच्या सासूनं चहा केला. निघताना संगीतानं माझ्या पिशवीत घरच्या तुरीची डाळ घातली. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, “इतल्या दूर आल्या तुमी.” बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन मी रडले.

दुसऱ्याच वर्षीपासून माझ्या वर्गात चार चौकटी शेवटी येऊ लागल्या आणि चिंचोके आधी. एका बाकावरच्या दोघांनी मिळून एक घर. दोघं वाहक. प्रत्येकी एक चिंचोका. चार वेळा टाकायचा, चार मुलं, फळ्यावर लिहायची. कुठल्या घरात एकही आजारी नाही, कुठे दोन, कुठे तीन. “चारातलं एक” असं नेमकं फार थोड्या घरांत पडतं, हे मुलं स्वतःच्या हातानं बघायची. पण पूर्ण वर्गातली सगळी मुलं एकत्र मोजली की आकडा चौथ्या हिश्श्याच्या आसपास यायचा. मग मी चौकटी काढायची.

एका पालकानं मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की नववीच्या वर्गात जुगार चालतो. सर धोतर सावरत आले. माणूस कडक, पण न्यायाचा. म्हणाले, मला खेळून दाखवा. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आमचे कारकून. वर्ग श्वास रोखून बघत होता. सरांच्या घरात चारपैकी तीन मुलं आजारी निघाली. सरांनी चिंचोके टेबलावर ठेवले. मग कारकुनांना म्हणाले, “पुढच्या महिन्यात रक्त तपासणीचं शिबिर शाळेत घ्या. पालकांनाही बोलवा.” त्या शिबिरात आमच्या कितीतरी घरांना आपण वाहक असल्याचं पहिल्यांदा कळलं.

दरम्यान गजाननरावांना खाणीत ठेकेदाराकडे डंपर चालवायचं काम मिळालं आणि संगीताचं कुटुंब कन्हानला राहायला आलं. पूर्वा आमच्याच शाळेत दाखल झाली. बारीक, डोळे जरा पिवळसर, बोलायला तिखट. थंडीत आठ-आठ दिवस गैरहजर. खो-खोला नेहमी बाजूला. वर्गाला काही माहीत नव्हतं. आजीची सक्त ताकीद होती की कुठं बोलायचं नाही, पुढे सोयरीक जमायला आड येतं. तिच्या बाकावर बसणारी काजल माझ्याकडे दोनदा तक्रार घेऊन आली होती, “मॅडम, ही पोट्टी नाटकं करते. कामाची येळ आली का हिचे पाय दुखतात.”

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पूर्वा नववीत आली, आणि तो धडाही. मी तो पुढे ढकलत राहिले. आधी वनस्पती घेतल्या, मग परिसंस्था. मनात एक नीच आशाही होती की ती त्या आठवड्यात गैरहजर राहील. शेवटी एक दिवस तिला व्हरांड्यात थांबवलं.

“पूर्वा, उद्या मी आनुवंशिकता घेणार आहे. तुला नको वाटत असेल तर ग्रंथालयात बस.”

“काहून?” ती म्हणाली. “माहाच तर धडा हाय.”

दुसऱ्या दिवशी चिंचोके वाटले. वर्ग रंगला. इतक्या वर्षांत या खेळाला एक रीत पडून गेली होती, ती मला त्या दिवसापर्यंत ऐकूच आली नव्हती. दोन काळे पडले की मुलं ओरडायची, “हारले! हारले!” शेवटी डावच तो, त्यात हार-जीत असणारच. चाळणीला आणि जात्याला मी वर्गात आणलं तेव्हा ती निमूट आली होती. चिंचोके मात्र येताना आपलं जिंकणं-हरणं सोबत घेऊन आले होते, आणि मी ते वर्षानुवर्षं मुलांच्या हातात देत होते.

काजल आणि पूर्वाच्या बाकावर दोन काळे पडले. “अरे बाप्पा, हारलो वं आपन!” काजल म्हणाली.

पूर्वानं हात वर केला.

“मॅडम, याच्यात हारलं कोन?”

वर्गातला गलका चालूच होता. तिनं आवाज चढवला. “मी म्हणून राहिली, हारलं कोन? मायबाप हारले का ते लेकरू हारलं?”

आता सगळी तोंडं तिच्याकडे वळली. “कोणीच नाही गं,” मी म्हणाले, पण माझ्याच कानांना ते पोकळ वाटलं. तिलाही वाटलं असावं.

“मी दोन काळेवाली हाय,” पूर्वा वर्गाला म्हणाली. “माहा भाऊ पन. सिकलसेल हाय आमाले. दवाखान्याचं लाल कार्ड हाय माह्याजवळ. रोज गोळी घ्या लागते, पानी लय प्या लागते. थंडीत दुखते. लय दुखते. नाटक नाई करत मी.” शेवटचं वाक्य काजलकडे न बघता म्हणाली. “पन हारली बिरली नाई.”

काजलनं खाली मान घालून दप्तरातून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि बाकावर मधोमध ठेवली. थोड्या वेळानं ती जराशी पूर्वाच्या बाजूला सरकवली.

“मग काय करायचं, पूर्वा?” मी विचारलं. शिक्षिका म्हणून नाही, खरंच विचारलं. “दोन काळे पडल्यावर काय म्हणायचं?”

तिनं खांदे उडवले. “पडलं ते पडलं. लेकरू झालं ना घरात? मंग नाव ठेवा त्याचं. आन् फुडचा डाव टाका.”

आपल्या भाषेत लेकराचं नाव ठेवतात, आणि त्याच शब्दाला एक अनुस्वार दिला की त्याला नावं ठेवतात. ती पोर काय म्हणाली हे तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मी फळा पुसला आणि डाव पहिल्यापासून सुरू केला. या वेळी ‘आजारी’, ‘वाहक’ असं लिहायचं ते कंसात, आधी मुलाचं नाव. मुलांना भलताच हुरूप आला. नावांवरून भांडणं झाली. कोणी आपल्या आजोबांचं नाव दिलं, कोणी क्रिकेटपटूचं, एका घरात दोन सख्ख्या बहिणींची नावं चमेली आणि मोगरा. दोन काळ्यांच्या घरांनी मुलाचं नाव ठेवल्यावर आपणहून शेजारी लिहिलं, ‘गोळी रोज’, ‘हिवाळ्यात दोन स्वेटर’. कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मी घाबरूनच घरी गेले. घरानं जे चौदा वर्षं झाकून ठेवलं ते पोरीनं माझ्या वर्गात उघड केलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला संगीता शाळेत आली, तेव्हा मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं.

“पूर्वानं वर्गात सांगितलं म्हणे,” ती म्हणाली.

“हो. मी तिला थांबवायला हवं होतं का, संगीता?”

“सासूबाई रात्रीपासून बोलून नाही राहिल्या कोनाशी.” संगीता म्हणाली. “पन पोट्टी काल घरी आली तवा गानं म्हणून राहिली व्हती, मॅडम. सोबत ती काजल. तिचं दप्तर काजलनं आनलं.” मग पदराशी चाळा करत म्हणाली, “आज ब तुकडीचा तास हाय ना तोच? मी बसू का मांगं?”

पूर्वा आता कामठीच्या कॉलेजात अकरावीला आहे. ओम नववीत, तो मात्र कोणाशी फार बोलत नाही, आणि त्याच्या दुखण्याच्या वेळी संगीताचा फोन अजूनही आधी मला येतो. मी डॉक्टर नाही, हे तिलाही ठाऊक आहे. मी फक्त ऐकते. माझी चूक त्यानं भरून निघत नाही. ती भरून निघण्यातली नाहीच.

संगीतानं विचारलं त्या दिवशी ब तुकडीत एक मुलगी एकटी होती, तिची जोडीदारीण आली नव्हती. संगीता तिच्या शेजारी जाऊन बसली. साडी सावरत, त्या अरुंद बाकात, गुडघे जरा वाकडे करून. दोघींनी एकेक चिंचोका घेतला. पहिलं मूल वाहक. त्या मुलीनं नाव ठेवलं. दुसरं दोन काळे, तिनंच नाव ठेवलं. तिसऱ्या वेळी दोन्ही चिंचोके पांढरे पडले.

“काकू, आता तुमची पाळी. याचं नाव काय ठेवाचं?”

“कस्तुरी,” संगीता म्हणाली.

बाकीची मुलं एकेका नावासाठी पाच-पाच मिनिटं घासाघीस करत होती. तिला एक क्षणही लागला नाही. ओमनंतर तिनं तिसरं मूल होऊ दिलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्या मुलीनं जाऊन फळ्याच्या उजव्या बाजूला नाव लिहिलं, ‘कस्तुरी’तला ‘स्तु’ चुकला, तेव्हा संगीता उठली, फळ्यापाशी आली आणि तिच्या त्या सुंदर अक्षरात तिनं तो नीट करून दिला. मग परत जाऊन बाकावर बसली आणि हात मांडीवर ठेवून फळ्याकडे बघत राहिली.

घंटा झाली. गणिताचे सर दारात आले, टेबलावरचं डस्टर उचललं. मी त्यांच्या हातातून ते घेतलं आणि म्हणाले, “सर, आज तेवढी फळ्याची डावी बाजू वापरा.”